एम.ए., एम.एस्सी.ला प्रवेश घेतलाय? शिष्यवृत्तीची सुरुवात बँकेतून करा

माझ्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण मिळाली नव्हती. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, त्याच्या लॉगिनमध्ये अर्ज मंजूर दिसायचा आणि पासबुकात काहीच दिसायचं नाही. दहिवडीकडच्या गावातून साताऱ्यात आले तेव्हा पोवई नाक्याजवळ एका बँकेत नवं खातं काढलं होतं. त्याचंच पासबुक अर्जाला जोडलं आणि निर्धास्त झाले. मार्च उजाडल्यावर कॉलेजच्या ऑफिसातल्या एका मॅडमनी सांगितलं, "अगं, पैसे खातेनंबरावर येतच नाहीत, आधारवर येतात. तुझं आधार कुठल्या खात्याला आहे ते बघ आधी." माझं आधार होतं, अकरावीत असताना आप्पांनी गावाकडे काढून दिलेल्या खात्याला. पाच-सहा वर्षं त्यात ना पैसा पडला ना निघाला. केवायसी राहिलेलं, खातं बंद पडलेलं. सरकारने पाठवलेले पैसे दारावरूनच परत गेले होते.

ते पैसे शेवटी आले, पण माझी एम.एस्सी. संपल्यावर. मधले महिने मेसची उधारी आणि दोन ट्यूशनवर निघाले.

आता मी इथेच साताऱ्यात कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दर जून-जुलैत नवीन आलेली पोरं-पोरी विचारतात, "मॅडम, आम्हाला कुठली स्कॉलरशिप बसते?" मी उलट विचारते, "आधार कुठल्या खात्याला आहे?" त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. पण इतकी वर्षं हेच बघतेय, की पोरं मार्कांत कमी पडत नाहीत. कागदावरची तारीख, नावातलं एक अक्षर आणि बंद पडलेलं खातं, या तिघांपायी शिष्यवृत्त्या अडकतात. म्हणून योजनांची यादी नंतर बघू.

आधी खातं

बँकेत आधारकार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. ती ओळखीसाठी दिलेली असते. सरकारी पैसे येण्यासाठी तुमचं आधार एनपीसीआयच्या (बँकांचे ऑनलाइन व्यवहार सांभाळणारी संस्था) यादीत एखाद्या बँकेशी जोडलेलं असावं लागतं. त्याला बँकवाले 'सीडिंग' म्हणतात. एका आधारला तिथे एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. तुमची खाती चार असोत, पैसे जातात त्या एकीत.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर जा, आधार आणि ओटीपी टाका, 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, एवढं दिसतं. खातेनंबर दिसत नाही. ओळखीची बँक असेल आणि खातं वापरात असेल तर पुढे चला. नसेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग करायचंय' असं स्पष्ट शब्दांत सांगा आणि फॉर्म भरा. जुनी जोडणी आपोआप सुटते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा, कारण काउंटरवर 'झालंय' म्हणणं आणि खरंच होणं यात अंतर असतं.

आपल्या भागात घरोघरी पतसंस्थेचं खातं असतं आणि वडीलधाऱ्यांचा विश्वासही तिच्यावरच जास्त. पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिथे डीबीटी येत नाही. आई-वडिलांबरोबरचं जोडखातंही या कामाला नको. स्वतःच्या एकट्याच्या नावाचं खातं हवं.

ओटीपी येतो तो मोबाइल नंबर कोणाचा, हेही आत्ताच बघून घ्या. निम्म्या पोरांच्या आधारला वडिलांचा नंबर असतो, आणि वडील असतात रानात. काही जणांचा तर नंबर कधीच बंद झालेला असतो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या. पदवी संपेपर्यंत, नव्हे पुढेही, तो बदलू नका.

मग कागद

उत्पन्नाचा दाखला हा सगळ्यात छळणारा कागद. तो तहसीलदारांच्या सहीने निघतो, अर्ज सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात करायचा. शेतकऱ्याच्या घरचा असाल तर सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड आणि तलाठ्यांचा अहवाल लागतो. आई-वडील नोकरदार असतील तर फॉर्म १६, म्हणजे पगार आणि करकपातीचा दाखला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा आहे आणि या दाखल्याला १५ दिवसांची मुदत ठरवून दिलेली आहे. पण ती मुदत अर्ज पूर्ण असेल तरच धरायची. तलाठी भाऊसाहेब एकाच वेळी तीन-चार गावं सांभाळत असतात. जूनमध्ये अख्ख्या तालुक्याची पोरं तिथेच असतात. एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपली की लगेच, दाखला काढून ठेवलेला बरा.

दाखला हातात आला की दोन गोष्टी बघा. कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न लिहिलंय आणि तो कधीपर्यंत चालतो. मुदत ३१ मार्चला संपलेला दाखला जोडून ऑगस्टमध्ये अर्ज भरणारे मला दरवर्षी भेटतात. पोर्टल बऱ्याचदा तो घेतंही. मग तीन महिन्यांनी अर्ज परत येतो.

अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर ही बाकीची मंडळी तुमच्याकडे बहुधा असतील. नॉन-क्रीमीलेअरची मुदत मात्र तपासा. जात पडताळणी हा वेगळा विषय आहे. बारावी सायन्सवाल्यांनी सीईटीच्या वेळी ती करून घेतलेली असते. आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना तिची गरजच पडलेली नसते आणि एम.बी.ए.ला किंवा एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यावर अचानक ती समोर उभी राहते. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा समित्या आहेत. काम महिन्यांच्या हिशोबाने चालतं, कारण आजोबा-पणजोबांपर्यंतचे शाळेचे आणि महसुलाचे पुरावे मागतात. अजून झालेली नसेल तर अर्ज आज करा, पुढच्या वर्षी लागला तरी वाया जाणार नाही.

पदवी आणि पदव्युत्तर प्रवेशात एखादं वर्ष मोकळं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. वर्ष एमपीएससीत गेलं असो की घरच्या द्राक्षबागेत, खरं ते लिहा, लाजायचं कारण नाही. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्यावर वेगळ्या योजनांचं दार उघडतं.

आता नाव. गेल्या वर्षी तासगावकडच्या एका मुलीचा अर्ज तीनदा परत आला. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'दीपाली' इंग्रजीत एका 'आय'ने, आधारवर दोन 'ई'ने, आणि बँकेत वडिलांचं नाव मधे न टाकता नुसतंच 'दीपाली' आणि आडनाव. तिघी वेगळ्याच! उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरायची आणि आधार, बँक, पॅन सगळं तिच्यासारखं करून घ्यायचं. लग्न झालेल्या मुलींनी नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. माझं मत विचाराल तर शिक्षण चालू असताना कागदांवरचं नाव बदलूच नका.

सगळे कागद मोबाइलमध्ये स्कॅन करून एका फोल्डरात ठेवा. महाडीबीटी २५६ केबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. फाइलचं नाव 'डॉक्युमेंट-१' नको, 'उत्पन्न-दाखला' असं ठेवा. शेवटच्या रात्री नेट कॅफेत बसून डोळे ताणण्यापेक्षा हे बरं.

आता योजना: आपण कुठे बसतो

राज्य सरकारच्या बहुतेक सगळ्या योजना महाडीबीटीवर एकाच ठिकाणी आहेत. प्रोफाइल नीट भरलं की तुम्हाला लागू होणाऱ्या योजना तेच दाखवतं. तरी डोक्यात ढोबळ चित्र असू द्या.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची माफी. अनुसूचित जमाती, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला आपापल्या विभागाच्या अशाच योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या आणि मराठा समाजाच्या मुलामुलींची मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. बोलीभाषेत तिला अजून सगळे 'ईबीसी'च म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मुलींसाठी २०२४ च्या जुलैमध्ये मोठा निर्णय झाला. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. इथे 'कॅप' या शब्दावर बोट ठेवा. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्तीची वाट बघणाऱ्यांची निराशा मी पाहिली आहे. प्रवेश घेण्यापूर्वीच विचारा.

फी एक, राहणं दुसरं. खोली आणि मेस यांचा खर्च फीपेक्षा जास्त होतो हे साताऱ्यात सदर बझारला खोली शोधणाऱ्याला सांगायला नको. ईबीसी मिळणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्. रक्कम शहर बघून ठरते. स्वाधारची चौकशी सामाजिक न्याय भवनात करा. यासाठी आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज केलेला असावा लागतो. 'तिथे कोण राहणार' म्हणून तो अर्जच न करणारे पुढे हात चोळत बसतात.

सातारा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव नावातच फौज घेऊन बसलंय. माजी सैनिकांची मुलं पंतप्रधान शिष्यवृत्तीबद्दल हमखास विचारतात, म्हणून सांगून टाकते. ती पहिल्या व्यावसायिक पदवीसाठी आहे, पदव्युत्तरमध्ये तिथे एम.बी.ए. आणि एम.सी.ए. एवढेच बसतात. एम.एस्सी.ला ती नाही. तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर टाका, इतर मदतीची माहिती तिथेच मिळते. आई किंवा वडील नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील तर त्या कल्याण मंडळाची शिष्यवृत्तीही बघा. सेंट्रिंगवर जाणाऱ्या किती तरी घरांना आपली नोंदणी चालू आहे की संपली हेच माहीत नसतं.

एकाच अभ्यासक्रमासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. एक एम.ए. झाल्यावर दुसऱ्या एम.ए.लाही सहसा मिळत नाही.

अर्ज भरताना

पोर्टल कधी उघडेल याची तारीख दरवर्षी हलते, मुदतवाढ जवळपास दरवर्षी मिळते, आणि त्या मुदतवाढीच्या भरवशावर बसलेल्यांचेच अर्ज राहतात. पहाटे सहाला बसा. साइट झरझर चालते. संध्याकाळी ती तुमच्यासारख्याच हजारोंच्या ओझ्याखाली असते.

प्रोफाइल आधी शंभर टक्के पूर्ण करा. दाखल्यावरचा बारकोड नंबर जसाच्या तसा टाका. मागच्या शिक्षणात दहावी, बारावी, पदवी तिन्ही भरायची आणि गॅपही दाखवायचा. सध्याच्या अभ्यासक्रमात कॉलेजचं नाव आणि विषय यादीतून निवडताना घाई नको. एकाच नावाची दोन महाविद्यालयं, एकच विषय अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन ठिकाणी असतो. चुकीचं निवडलंत तर अर्ज ज्या टेबलावर जायला हवा तिथे जातच नाही. कोणी बघत नाही आणि कोणी परतही पाठवत नाही. प्रवेशाच्या पावतीवर तुकडी लिहिलेली असते, ती समोर ठेवून निवडा.

वसतिगृहात राहता की घरून येता, हेही खरं भरा. त्यावर निर्वाह भत्ता बदलतो आणि खोटं निघालं तर पूर्ण अर्ज जातो.

अर्ज सबमिट केल्यावर अर्ज क्रमांक वहीत लिहा आणि प्रिंट काढा. मोबाइल हरवतो, वही सहसा हरवत नाही.

टेबलावरून टेबलावर

इथे बहुतेक जण थांबतात. अर्ज भरला, झालं! खरं तर इथून पुढे तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर तो 'सेंड बॅक' होऊ शकतो. परत आलेला अर्ज दुरुस्त करायला थोडेच दिवस असतात आणि मेसेज येईलच याची खात्री नसते. दर सोमवारी लॉगिन करा.

प्रिंट आणि कागदांच्या झेरॉक्स घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा. जेवणाच्या सुट्टीत नको, प्रवेशाच्या धामधुमीत नको. त्या एका टेबलावर हजारभर अर्ज असतात. मी जवळून पाहिलंय. पोरं येऊन "माझी स्कॉलरशिप कुठे अडकली?" असं दरडावतात, मग पलीकडचा माणूस फाइल खाली सरकवतो. "सर, अर्ज क्रमांक असा आहे, कागद आणलेत, काही कमी असेल तर सांगा, उद्या आणून देतो" असं म्हणालात तर तिथल्या तिथे बघितलं जातं. त्यांचा राग धरू नका, त्यांनाही पोर्टल दिवसातून चारदा बाहेर फेकतं.

मंजुरीनंतर लॉगिनमध्ये रिडीमचा, म्हणजे रक्कम खात्यावर घेण्याचा, पर्याय आला तर तो वेळेत करा. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर पुढचा हप्ता अडतो. आणि कॉलेजच्या फीचा वाटा तुमच्या खात्यावर जमा झाला तर तो तुमचा नव्हे. लगेच कॉलेजात भरा आणि पावती घ्या. त्या पैशात मोबाइल घेतलेला एक मुलगा निकालाच्या वेळी माझ्याकडे रडत आला होता.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज करायचा नसतो, जुन्याचं नूतनीकरण करायचं असतं. निकाल लागला की लगेच.

केंद्राच्या आणि गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. देशभरात १०,००० जागा, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने, दोन वर्षांसाठी. निवड पदवीच्या गुणांवर. पहिल्या वर्षाला नियमित प्रवेश घेतलेल्यांनाच अर्ज करता येतो आणि वय ३० च्या आत हवं. एम.ए. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा, कारण आपल्याकडची आर्ट्सची हुशार मुलं 'स्कॉलरशिप म्हणजे सायन्सवाल्यांची' म्हणून अर्जच करत नाहीत. या पोर्टलवर आधी ओटीआर म्हणजे एकदाच करायची नोंदणी असते, चेहरा स्कॅन करून. साधा पण बरा कॅमेरा असलेला फोन हाताशी ठेवा.

एम.टेक. किंवा एम.फार्म.ला गेट वा जीपॅट या प्रवेश परीक्षांवर आला असाल, म्हणजे सांगलीचं वालचंद असो की कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. यात विद्यार्थ्याचा आयडी संस्थाच तयार करते. विभागप्रमुखांच्या मागे लागून तो पहिल्या महिन्यात करून घ्या.

पीएच.डी.चा विचार असेल तर एम.ए., एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,०००. विद्यापीठात पदव्युत्तरला पहिले आलात तर इन्स्पायर फेलोशिपकडे बघा. त्याशिवाय बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. यांच्या जाहिराती ठरलेल्या महिन्यात येत नाहीत. संकेतस्थळं आठवड्याला एकदा चाळायची सवय लावा.

ट्रस्ट आणि कंपन्या: इथे लिहिता यायला हवं

खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांना आपली मुलं घाबरतात ती निबंधामुळे. 'स्वतःबद्दल ३०० शब्द लिहा' म्हटलं की हात थिजतो. मग कुठून तरी उतरवलेलं येतं: 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. शिक्षणाने देश घडतो.' निवड समितीने अशी दोनशे पानं त्या दिवशी वाचलेली असतात.

दीपालीचाच किस्सा सांगते. ती सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, घरी तासगावला दीड एकर द्राक्ष. पहिला मसुदा वरच्यासारखाच होता. मी विचारलं, तू हाच विषय का घेतलास? ती म्हणाली, "ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की दावण्या रोग येतो. मग पप्पा रात्रीपासनंच फवारणीची टाकी लावतात. औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं मी वाचून दाखवायची. एकदा काढणीला किती दिवस उरले असताना फवारायचं ते चुकलं आणि माल निर्यातीला नाकारला." मी म्हटलं, हेच लिही. तिने तेच लिहिलं. कोणतं औषध, द्राक्षात उरणारा अंश किती दिवसांनी कमी होतो हा प्रश्न तिला कसा पडला, आणि पदवीनंतर ती अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेत काम का करणार आहे. गरिबी हा शब्द त्यात एकदाही नव्हता. आकडे होते: दीड एकर, पीककर्ज किती, फी किती, कमी पडतात किती. तिची निवड झाली.

सगळ्यांच्या घरी द्राक्षबाग नसते. पण म्हसवडची चारा छावणी, जतचा टँकर, पाटणचं भूस्खलन, मिरजेतल्या दवाखान्याबाहेर काढलेल्या रात्री, काही ना काही प्रत्येकाकडे असतं. ते तुमच्या विषयाला कुठे येऊन भिडतं एवढंच शोधायचं. भिडत नसेल तर ओढून आणू नका, सरळ लिहा की हा विषय मला आवडतो आणि अमुक प्रकल्पात मी हे हे केलं.

शिफारसपत्र मागायला सरांकडे मुदतीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. दोन-तीन आठवडे आधी जा, सोबत गुणपत्रिका, निबंधाचा मसुदा आणि आपण त्यांच्या हाताखाली काय केलं याच्या चार ओळी द्या. नाहीतर सर 'विद्यार्थी मेहनती व नम्र आहे' असं लिहून मोकळे होतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

परदेशात जायचं असेल तर

वर्ष-दीड वर्ष आधी सुरुवात. ब्रिटनच्या चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन. युरोपातल्या इरास्मस मुंडसला अनुभवाची अट नसते, त्यामुळे नुकत्याच पदवीधरांनी तिथून सुरुवात करावी. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते. नावात 'शिष्यवृत्ती' दिसली म्हणून फुकट समजू नका.

डॉ. आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. म्हणून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस. पुढे १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात त्यांनी संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार केला होता. तेव्हाही शिष्यवृत्तीला करार होता, आजही असतो. परत येण्याची अट, जामीनदार, अभ्यास अर्धवट सोडल्यास रक्कम परत, हे सगळं बारीक अक्षरांत असतं. जामीनदार म्हणून मामाची सही घेण्यापूर्वी ते पान मामालाही वाचून दाखवा.

तोवर खर्चाचं काय

शिष्यवृत्ती उशिरा येते, हे गृहीत धरूनच वर्षाचा हिशोब मांडा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली सुरू केली, आणि 'कमवा आणि शिका' ही त्यांची रीत आपल्या कॉलेजांत अजून चालू आहे. शिवाजी विद्यापीठातही ती योजना आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत रोज थोडे तास काम आणि त्याचा मोबदला. पहिल्या आठवड्यातच विद्यार्थी कल्याण विभागात नाव द्या, जागा लवकर भरतात. फी एकरकमी जमत नसेल तर प्राचार्यांच्या नावे हप्त्यांसाठी लेखी अर्ज करा आणि पोचवर शिक्का घ्या. तोंडी बोललेलं परीक्षा फॉर्मच्या वेळी कोणाला आठवत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर्व पदवीधरांना ५०,०००, आजच लिंक भरा' असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. सरकारी शिष्यवृत्तीला 'प्रोसेसिंग फी' नसते. कोणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या, मग तो कितीही 'मॅडम, मंत्रालयातून बोलतोय' म्हणू दे. सेवा केंद्रात दाखल्याचे दर भिंतीवर लावलेले असतात, तेवढेच द्या आणि पावती मागून घ्या. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराला पासवर्ड सांगावाच लागला असेल तर घरी पोहोचल्यावर आधी तो बदला. गेल्या वर्षी एका मुलाचा अर्ज दुकानातून भरला होता, मोबाइल नंबरही दुकानाचाच टाकलेला. दिवाळीत दुकान बंद आणि अर्ज नेमका तेव्हाच परत आला.